मधला वार

आमच्या घरी अकरा वर्षं बुधवार आला नाही. सोमवार यायचा, मंगळवार यायचा, मग एक 'मधला वार' यायचा आणि त्यानंतर गुरुवार. याला कारण मी. माझं नाव बुधराम. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावासारखा दुसरा शब्दसुद्धा तोंडात आणायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि माझी बायको कुंता रीत पाळण्यात पक्की. ती 'बुद्धी' म्हणायची नाही, 'अक्कल' म्हणायची. "तुमाले अक्कल नाई" हे मी रोज ऐकलं. मला बुद्धी नाही असं मात्र ती कधीच म्हणाली नाही, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो.

माझी आई धुरपता तिच्याही वरताण. माझ्या बाबांचं नाव देवाजी. म्हणून लग्न झाल्यापासून आईनं 'देव' हा शब्द उच्चारला नाही. सगळं गाव देवळात जायचं, आई मंदिरात जायची. ठेच लागली तरी "भगवान!" म्हणूनच कळवळायची. बाबा जाऊन सतरा वर्षं झाली होती, तरी तिची जीभ तिथं अडायचीच.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. पण ब्याऐंशी साली एक दिवस माझी पोरगी बेबी शाळेतून लाल तळहात घेऊन घरी आली. ती पहिलीत होती. भैय्याजी मास्तरांनी वार म्हणायला लावले, आणि कुंताजवळ शिकलेले वार तिनं खणखणीत म्हटले. "सोमवार, मंगळवार, मधला वार, गुरुवार." वर्ग हसला. मास्तरांना वाटलं, पोरगी चेष्टा करते. त्यांनी एक छडी दिली.

कुंतानं पोरीचा हात मांडीवर घेतला आणि फुंकर घालत बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, "एका छडीनं काय होते? मी तं शंभर खाल्ल्या." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सायकल काढून दुकानात निघून गेलो. अड्याळच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरचं भांडण पंक्चरवर काढायची मला सवयच होती.

पुढच्याच महिन्यात गावात दवंडी झाली. अंगणवाडी उघडणार होती. लहान पोरांना शिकवायचं, खाऊ द्यायचा, वजनं घ्यायची, बायांना चार गोष्टी सांगायच्या. गावातलीच बाई पाहिजे, सातवी पास पाहिजे, आणि पवनीच्या पंचायत समितीत मुलाखत.

कुंता सातवी पास होती. माहेरच्या शाळेत तिचा पहिला नंबर. पण आमच्या घरी आल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की किराण्याच्या पुड्यांचे कागद ती उलगडून वाचायची. अर्धी बातमी वाचायची, उरलेली अर्धी दुसऱ्या पुडीत सापडते का ते पाहायची.

दवंडी झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मले हे काम पाह्यजे," ती म्हणाली.

अकरा वर्षांत तिनं माझ्याजवळ काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. लुगडंसुद्धा आईच्या नावानं मागायची. मी म्हटलं, "सरपंचाच्या सुनेनंबी अर्ज भरला म्हनतात. ललिता मॅट्रिक हाये."

"असंल. मी सातवी हावो. इंटरू तं होऊ द्या."

मी भैय्याजी मास्तरांना घरी बोलावलं. छडीमुळे त्यांचं मन थोडं खात होतंच. ते लगेच आले. मुलाखतीत छाप कशी पाडायची, हे त्यांनी तासभर समजावलं. आत जाताना विचारायचं. हात जोडायचे, पण कमरेत वाकायचं नाही, आपण उसनवारी मागायला गेलेलो नाही. बसा म्हटल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही, आणि म्हटलं की टोकावर नाही, पुरतं बसायचं. पदर तोंडात धरायचा नाही. येत नसेल तर "येत नाही" म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. कुंता एकेक गोष्ट मान हलवून मनात बांधून घेत होती.

"आनि पयला सवाल नावाचा राह्यते," मास्तर म्हणाले. "पूर्ण नाव. तुयं, नवऱ्याचं, आडनाव. मॅडम नागपूरच्या हायेत. उखाना-बिखाना चालत नाई त्याहिले. मागच्या खेपेस दोघी जनी लाजल्या, तं मॅडमनं सरळ म्हटलं, नाव सांगता येत नाई ते बाई घरोघरी जाऊन काय सांगनार?"

कुंताची मान हलायची थांबली.

मास्तर गेले आणि आमच्या घरी तालीम सुरू झाली. मी पाटावर मॅडम होऊन बसायचो. "तुमचं नाव काय बाई?"

"कुंता..."

"पुढं?"

"सेलोकर."

"मधात?"

मधात काही नाही. ओठ मिटून 'ब'पर्यंत यायचे, आणि मग तिला उचकी लागायची. खरंच लागायची. पाणी पिऊन पुन्हा बसायची. पुन्हा कुंता, पुन्हा उचकी. तीन दिवस हे चाललं. मी तसा तापट. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "नाव घे म्हनतो न मी! नाईतं अर्ज फाडून टाकतो!"

"नाई येत तोंडात!" तीही ओरडली. "मी का मुद्दाम करून राह्यली?"

आई पडवीत धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं. ती उठून आत आली आणि कुंताजवळ बसली. मला वाटलं, आता सुनेला बोल लावणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "उखान्यात घे बाई. उखान्यात नाव झाकून येते. उघडं नको घेऊ."

"माय, मॅडमले उखाना नाई चालत," मी म्हटलं.

"मी उघडं घेतलं होतं," आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, कुंताशीच बोलत होती. "राशनच्या कार्डाले साह्यब आला होता. हे वावरात. साह्यब म्हने मालकाचं नाव सांग. आजूबाजूले कोनी नव्हतं. मी हळूच सांगितलं, त्याच्या कानात. वर्ष नाई भरलं. पोळा नाई पाह्यला त्याहिनं."

बाबा तापानं गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्या तापानं गावातली आणखी चार माणसं नेली होती. पण आई सतरा वर्षं हे पोटात घेऊन जगत होती, आणि आम्हाला त्याचा वासही नव्हता. मला तिच्यावर चिडता येईना, आणि हसता तर मुळीच येईना.

आई बाहेर गेल्यावर कुंतानं मला विचारलं, "तुमाले भेव लागते का?"

"हॅट!" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. पण ज्या माणसानं चार दिवस नाव घे, नाव घे म्हणून घर डोक्यावर घेतलं, तो आता कोणत्या तोंडानं सांगणार?

दोन दिवस कुंता तालमीला बसली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बेबीची पाटी घेतली, ओल्या फडक्यानं पुसली आणि ठळक अक्षरात माझं पूर्ण नाव लिहून माझ्यासमोर धरलं. "मी लिहून दाखवीन," ती म्हणाली. "लिहनं तं रीतीत अडत नाई. आनि अक्षरबी दिसल त्याहिले."

मी मान्य केलं. एवढी अक्कल मला सुचली नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पवनीला नेलं. खळ घातलेलं लुगडं, हातात पाटी. पंचायत समितीच्या व्हरांड्यात आठ-दहा बाया होत्या, त्यांच्या मागे आमच्यासारखे नवरे, दीर, सासरे. आमच्या गावच्या दोघीच. ललिता आधी आत गेली. तिनं नाव सांगितलं, वार सांगितले, महिने सांगितले, सगळं एका दमात, आणि हसत बाहेर आली. पोरगी हुशार होती, यात वादच नाही.

मग कुंताचा पुकारा झाला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत तिघं होते. मधोमध मॅडम, बाजूला आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आणि टोकाला पान चघळणारे एक वयस्क बाबू. कुंतानं विचारून आत पाऊल टाकलं, हात जोडले, वाकली नाही. बसा म्हटल्यावर पुरती बसली. मास्तर असते तर खूश झाले असते.

"पूर्ण नाव?"

"लिहून दाखवू का मॅडम?" तिनं पाटीवर नाव लिहिलं आणि पाटी फिरवून धरली. मॅडमनी चष्मा वर केला. "अक्षर छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. खिडकीच्या गजाला धरलेला हात मी सैल सोडला.

डॉक्टरांनी विचारलं, पोराला हगवण लागली तर काय कराल? कुंतानं साखर-मिठाचं पाणी सांगितलं, आणि पोर कसं सुकतं, टाळू कशी खोल जाते, तेही सांगितलं. डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं. आता झालंच, असं मला वाटलं.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "आता असं करा," त्या म्हणाल्या, "आम्ही तिघं तुमच्या अंगणवाडीतली मुलं आहोत असं समजा. आम्हाला आठवड्याचे वार शिकवा."

मी पुन्हा गज धरला. नावाची सोय केली होती. वाराचा विचार ना तिनं केला होता, ना मी, ना मास्तरांनी. ज्या वारापायी पोरीनं छडी खाल्ली, तोच आम्ही तिघेही विसरलो होतो.

कुंता उभी राहिली. "म्हना. सोमवार."

"सोमवार," तिघं म्हणाले.

"मंगळवार."

"मंगळवार."

आणि ती थांबली. ओठ मिटले. मला वाटलं, आता उचकी लागणार. पाटी तिच्या हातात होती. तिनं पाटीकडे पाहिलं, पण ज्या पोरांना वाचता येत नाही त्यांना पाटी काय दाखवणार? तिनं खिडकीकडे पाहिलं. मी 'मधला वार' म्हण, असं खुणेनं सांगावं की मान हलवून हो म्हणावं, हे मला कळेना. मी नुसता पाहत राहिलो.

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

"बुधवार," कुंता म्हणाली.

ते हळू नव्हतं. व्हरांड्यातल्या बायांनी माना वळवल्या. तिघं "बुधवार" म्हणाले, पण ती पुढे गेली नाही. तिनं हात वर केला, वर्ग थांबवावा तसा. "थांबा मॅडम. अर्धं नाव घेतलं. आता पुरंच घेते. बुधराम देवाजी सेलोकर. माये मालक." मग एक श्वास घेतला. "हं, म्हना पोराहो. गुरुवार."

तिनं तिघांकडून रविवारापर्यंत म्हणून घेतलं, मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी बाबू पानामुळे नुसतेच ओठ हलवत होते. "तुमी, कोपऱ्यातले," कुंता म्हणाली, "तोंडातलं थुकून या आनि मोठ्यानं म्हना." डॉक्टर खो खो हसले. बाबू खरंच उठून बाहेर आले, पिंक टाकून परत गेले, आणि बुधवार म्हणाले.

मी मात्र खिडकीखाली बसकण मारली. लग्नात तिनं उखाणा घेतला असेल, पण वाजंत्र्यात मला ऐकू आला नव्हता. माझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझं नाव मला कधी आवडलं नव्हतं. बुधवारी जन्मला म्हणून बुधराम, आईबापांनी डोक्याला ताणही दिला नाही. त्या दिवशी मला ते आवडलं. माझे डोळे भरून आले, आणि ललिताचा सासरा विचारू लागला, "काय झालं जी, नापास केलं का?"

परतीच्या रस्त्यावर ती पाटी मांडीवर धरून बसली होती. मीच विचारलं, "वार म्हटला तं म्हटला, पुरं नाव कायले घेतलं?"

"अर्धं घेऊन सोडलं असतं तं मन लागलं नसतं," ती मागून म्हणाली. "आनि बेबीनं एक छडी खाल्ली. माया हाताखाली तीस पोरं येतीन. तीस छड्या मी नाई खाऊ देनार." मग माझ्या सदऱ्याला मागून घट्ट धरून म्हणाली, "सायकल हळू चालवा. आजच्या दिवस."

आई दारातच उभी होती. नोकरीचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. "घेतलं?"

"घेतलं, आत्याबाई."

"उघडं?"

"उघडं. दोघांचंबी."

"त्याहिचंबी?" आईनं बाबांविषयी विचारलं.

"मामाजीले आता काय होनार हाये?" कुंता म्हणाली. आईनं आतून मीठ-मिरच्या आणल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मग एक चिंचोका घेतला आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकला. तो दिवस बुधवारच होता.

महिन्याभरानं कागद आला. कुंताची निवड झाली होती. ललिताला शेजारच्या गावी बालवाडी मिळाली, तेव्हा तेही तोंड गोड झालं. मास्तर पवनीहून बातमी घेऊन आले, की मॅडम म्हणाल्या, बाकीच्यांनी वार म्हणून दाखवले, या बाईनं शिकवले.

समाजमंदिरात अंगणवाडी सुरू झाली. पोरं सकाळी वार म्हणायची, आणि बुधवार सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, कारण मी रस्त्यानं जाताना त्यावर ओरडून उत्तर द्यायचो. आई मात्र दर बुधवारी डब्यात एक चिंचोका टाकायची. मी तलावाच्या पाळीवरून गेलो की ती चिडायची. झाडावर चढू देईना, रात्री धानाला पाणी द्यायला जाऊ देईना. पोळ्याच्या दिवशी बैल पुढे गेले, मी गेलो, तेव्हा ती माझ्या मागे-मागे वेशीपर्यंत आली. लहान पोरासारखं सांभाळलं तिनं मला, आणि मी कावलो.

दिवाळीआधी मला ताप आला. साधा हिवताप, पण चार दिवस डोकं वर उचलू दिलं नाही त्यानं. आई उशाशी बसून राहिली. तिनं कुंताला एका शब्दानंही दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पाचव्या दिवशी बुधवार होता. कुंता माझ्या पायाशी बसली होती, चेहरा उतरलेला.

"आज सुट्टी घे," मी म्हटलं.

"भेव लागून राह्यलं मले," ती म्हणाली. असं ती सहसा म्हणत नसे. "लई भेव लागून राह्यलं. पन आज नाई गेली तं पोराहिले वाटन, या वाराची बाईले भीती हाये." ती उठली, तोंड धुतलं, पदर खोचला आणि गेली. थोड्या वेळानं समाजमंदिरातून पोरांचा आवाज आला. सोमवार, मंगळवार. आईनं माझा हात घट्ट धरला. मग बुधवार आला, नेहमीसारखा मोठ्यानं. मला उत्तर द्यायला जोर नव्हता, पण मी ओठ हलवले, आणि आईनं ते पाहिलं.

ताप उतरला. थंडी गेली, चिंचा पुन्हा पिकल्या.

मग एका बुधवारी मी दुकान बंद करून घरी आलो, तर आई पडवीत सूप घेऊन बसलेली. सुपात चिंचोके होते. ती पाच-पाचाचे गठ्ठे लावत होती. कुंता नुकतीच अंगणवाडीतून आली होती, तीही उभी राहून पाहत होती. गठ्ठे दहा झाले, वर दोन उरले. आईनं ते पुन्हा मोजले. पुन्हा बावन्नच भरले. बावन्न बुधवार, म्हणजे वर्ष भरलं होतं.

"बस," ती मला म्हणाली. मी बसलो. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग मनगट धरून ठेवलं.

"माय, मेलो नाई मी," मी म्हटलं. एरवी तिनं मला फटका दिला असता. आज दिला नाही. ती कुंताकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. तिचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. तिसऱ्यांदा ती मोठ्यानं म्हणाली,

"मंग देवाजी माया जिभेनं नाई मेले."